सोलापूरची नवी पेठ संध्याकाळी गाड्यांना बंद करावी का?

पार्कचौककर: काल आईला इरकल घ्यायला नवी पेठेत गेलो. साडी पंधरा मिनिटांत पसंत पडली, गाडी लावायला पंचवीस लागली. दुकानापुढे स्कूटर, स्कूटरपुढे हातगाडा आणि मधोमध एक चारचाकी, काचा वर करून नुसती हॉर्न मारत उभी. संध्याकाळी 5 ते 9 पेठ चालणाऱ्यांना सोडा. गाड्या होम मैदानावर लावा, पुढे पायी. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेत, लेकरू खांद्यावर घेऊन आपण चालतोच ना?

कापडवाला: थट्टा करूलालाव काय? गड्डा जानेवारीत असतो. मे महिन्यात पारा 43 वर जातो, तेव्हा चाला. लग्नाचा बस्ता बांधायला अक्कलकोट, मोहोळची आठ-दहा माणसं येतात. गठ्ठे काय डोक्यावर नेणार? गाडी दाराशी येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक हायवेवरचं मोठं दुकान गाठतं.

पार्कचौककर: 43 दुपारी असतं, संध्याकाळी सातला नाही. आणि बस्तेवाले सकाळीच येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

नकाशावेडा: होम मैदान मलाही पटत नाही, पण कारण वेगळं. सिंगापूरने 1975 साली सकाळच्या वेळी शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावलं. चौघे बसले असतील तर माफ. कडेला वाहनतळ बांधले, तिथून आत जायला खास बसही दिली. ते वाहनतळ ओस पडले! लोक घराजवळून सुटणाऱ्या नेहमीच्या बसकडे वळले. एकदा स्कूटरवर बसलेला माणूस अर्ध्या वाटेत उतरत नाही. त्यामुळे जुळे सोलापुरासारख्या उपनगरातून बस सुटते किती वाजता, तिथून बोला.

घरकुलची पोर: जुळे सोलापूर झालं, आता विडी घरकुल, आमची विडी कामगारांची वसाहत. आमच्याकडे चारचाकी नाही, स्कूटरही नाही. आई हजार विड्या वळून टोपली मांडीवर घेते आणि शेअर रिक्षात चौथी बसते. दणका बसला की विड्या दबतात, मग कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघते. बसची वाट बघितली तर माल द्यायची वेळ टळते. वाहनतळ कुठे करायचा यावर तुमचं भांडण चालू द्या, आम्हाला तासाला चार बस ठरल्या वेळेला मिळाल्या तरी पुष्कळ.

कापडवाला: ताई, हे खरंय. माझ्या दुकानातल्या दोघी घरकुलच्याच. साडेआठला सोडा म्हणतात, नंतर रिक्षावाला रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. नेमकं तेव्हाच माझं गिऱ्हाईक असतं. रात्री दहापर्यंत बस द्या, मग पेठ बंद करायचं बोलू.

पार्कचौककर: बरं, आधी बस. पण निदान चारचाकी तरी आजपासून बंद?

कापडवाला: चारचाकीला माझी ना नाही. माझीच आत येत नाही, सात रस्त्याला लावून येतो.