आजीच्या कृष्णधवल फोटोतल्या हलक्या छटा स्कॅनमध्ये उडतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजीचा एक फोटो सापडला. स्टुडिओतला, पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल. नऊवारी, नाकात नथ, डाव्या गालावर उजेड. तो उजेड हनुवटीकडे उतरताना पांढऱ्याचा राखाडी इतका हळूहळू होतो की कुठे बदलला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. नथीचे मोतीही त्याच उजेडात आहेत, तरी प्रत्येक मोती वेगळा दिसतो. तिचा तरुणपणीचा आमच्याकडे हा एवढाच फोटो.

गणपतीला सगळे गावी येतात, तेव्हा आत्या-काकांना एकेक प्रत द्यायची आहे. बाजारातल्या एका दुकानातून स्कॅन करून आणला, तर गाल चुना फासल्यासारखा, मोती त्यात विरघळलेले आणि अंबाडा म्हणजे नुसता काळा गोळा. मग घरच्या प्रिंटरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) केला. तो जरा बरा आला, पण गाल थोडा गडद करायला गेलं की पट्टे पडतात, उतारावरच्या भाताच्या कुणग्यांसारखे एकाखाली एक.

शिवाय इथली ओल. फोटो तिरका धरला की काळ्या भागात कडेने निळसर, चांदीसारखी चकाकी दिसते आणि स्कॅनमध्ये तिथे धुरकट येतं. कागद पिवळा पडलाय. पुसायला हात धजत नाही.

डीपीआय वाढवला तर पट्टे जातील का? ग्रेस्केल घेऊ की रंगीत?

प्रतिसाद:
पुसला नाहीत हे फार चांगलं केलंत. ती चकाकी म्हणजे फोटोतलीच चांदी, दमट हवेने वर येऊन बसलेली. पुसलीत तर फोटोच पुसाल.

डीपीआयने पट्टे जाणार नाहीत, ६०० पुष्कळ झाले. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, गालाच्या वाट्याला त्यातल्या थोड्याच येतात आणि तुम्ही त्याच ताणताय. १६ बिटमध्ये ६५,५३६ मिळतात. तुमच्या प्रिंटरला ती सोय नसेल तर कुणाचा तरी फोटो स्कॅनर मागून आणा. ४८ बिट रंगीत घ्या, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलना (रंगांच्या थरांना) प्रत्येकी १६ बिट. पिवळेपणा निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त उठतो, लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसत नाही. नंतर तो लाल चॅनेलच वापरून कृष्णधवल करा.

ऑटो एक्स्पोजर आणि शार्पनिंग बंद. हिस्टोग्राममध्ये (कुठली छटा किती आहे ते दाखवणारा आलेख) पांढरं टोक आलेख संपतो त्याच्या थोडं पलीकडे ठेवा, काळंही तसंच. स्कॅन मळकट दिसेल, दिसू दे. उजळवणं नंतर करता येतं, पण कापली गेलेली छटा परत येत नाही. छटा न गमावणाऱ्या टिफ फाइलमध्ये साठवा, जेपेग फक्त व्हॉट्सॲपसाठी.

चकाकीला मात्र कॅमेराच हवा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म (उजेडाची एकाच दिशेची कंपनं जाऊ देणारी पारदर्शक पट्टी), लेन्सवर तसाच काम करणारा पोलरायझर फिल्टर. तो फिरवत जा, एका जागी चकाकी विझते.

धागाकर्ती:
मनापासून आभार! सावंतवाडीच्या मावसभावाकडे फोटो स्कॅनर निघाला. सांगितलंत तसंच केलं. गाल आला, आजीचा गाल. मोती मोजता आले, सात. मोठ्या आत्याला फोन केला तर म्हणाली, "सातच गो, नथ माझ्याकडेच आहे."

कडेची चकाकी अजून राहिली आहे. पोलरायझिंग फिल्म कुडाळ-कणकवलीकडे कुणी घेतली आहे का? की कोल्हापूरहून मागवावी लागेल?