आईचं कार्ड निघालं, पण रात्री उठणार कोण?

मानेवाडाकर : ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं. आईला अर्धांगवायू झाला, भरती केलं, कार्ड कामी आलं. खोटं कशाला बोलू? पण सुट्टी झाल्यावर पुढे १५ दिवसांची औषधं, बस. डायपर, फिजिओ, रात्रीची बाई यातलं काहीच कार्डात बसत नाही. ओपीडीसुद्धा नाही. माझं मत : कार्डापायी खाजगीत जाणारा पैसा मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत आणि घरपोच शुश्रूषेत लावा.

धंतोलीवाला : मेडिकलच्या ओपीडीत कधी उभे राहिलात का? गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे पेशंट तिथंच येऊन राहिले. कार्डामुळे रिक्षावाल्यालाही खाजगीत बेड मिळते. ते काहून काढून घेता?

निवृत्त सिस्टर : बेड मिळते, कार्डाच्या पॅकेजात, म्हणजे ठरलेल्या उपचारांच्या यादीत बसणारं ऑपरेशन असेल तर. टीबीनं खंगलेला म्हातारा शेवटी आमच्याच सरकारी वॉर्डात यायचा. आणि गंमत बघा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याचे दवाखाने मोफत झाले, म्हणून डागा हॉस्पिटलात पैसे लागत नाहीत. मेडिकल-मेयो पडले वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तिथं तो निर्णय लागूच नाही. खेड्यातून आलेल्या माणसानं आधी खातं विचारायचं का?

धंतोलीवाला : खात्याचं पटलं. पण आता आईची सेवाही सरकारनंच करायची? टॅक्स आम्ही भरायचा अन् लेकरांनी हात वर करायचे! आमच्या घरी आजीला आम्हीच सांभाळलं.

निवृत्त सिस्टर : 'आम्ही' म्हणजे कोण, भाऊ? रात्री उठत कोण होतं?

धंतोलीवाला : …आईच.

महालची पोर : बाप्पा! आणि ज्यांच्या घरी उठणारंच कोणी नाही? आमच्या गल्लीतल्या एकट्या काकूंना निराधार योजनेचे महिन्याला १५०० येतात. रात्रीच्या बाईवर दोन-तीन रात्रीत संपतील. त्यांना टॅक्सचा हिशेब सांगून या.

धंतोलीवाला : एकट्यांसाठी द्या ना, कोण नाही म्हणते? सगळ्यांना वाटत सुटू नका, एवढंच. अन् मानेवाडाकर, तुमच्याकडे कोण उठते?

मानेवाडाकर : बायको. सिस्टरांचा प्रश्न वाचून काल मी उठलो. डायपरची पुढची बाजू कोणती, हे विचारायला तिलाच जागं केलं.