चिनूचा तो फोटो

आत्या: चिनूने स्टेटसला थडग्यापाशी उभा राहून फोटो टाकलाय. पाहिलात का कोणी? एवढे पैसे भरून इंग्लंडला शिकायला पाठवलाय आणि हा दफनभूमीत हिंडतोय.

चिनूची आई: रविवारी गेला होता. लेक्चर बुडवून नाही.

आत्या: लेक्चरचं मी काढलंच नाही वहिनी. फोटोत हसतोय, ते बघा.

थोरले काका: थडगं कोणाचं ते आधी वाचा. राजा राममोहन रॉय! शाळेत धडा होता आपल्याला.

थोरली काकू: ते बंगालचे ना? तिकडे कुठे?

चिनू: काकू, मुघल बादशहाचं गाऱ्हाणं घेऊन १८३१ मध्ये इंग्लंडला पोचले होते. ‘राजा’ ही पदवी त्यानेच दिलेली. सतीबंदीविरुद्धचं अपील फेटाळलं गेलं तेव्हाही इथेच होते. २७ सप्टेंबर १८३३ ला ब्रिस्टलमध्ये वारले.

आत्या: सगळं खरं. पण हसायचं कशाला?

थोरली काकू: मग दहन नाही केलं?

चिनू: सोयच नव्हती तेव्हा. इथलं पहिलं अधिकृत दहन १८८५ चं, वोकिंगला. आधी ते उतरले होते त्या घराच्या आवारात पुरलं, मग १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोरांनी इथे, ब्रिस्टलच्याच आर्नोस व्हेल दफनभूमीत हलवलं आणि वर छत्री बांधून घेतली. भोवती सगळे क्रॉस आणि देवदूत, मधेच ही छत्री. लांबून ओळखू येते.

ताई: द्वारकानाथ म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा.

चिनू: हो. ते स्वतः लंडनला, केन्सल ग्रीन दफनभूमीत. पुढच्या महिन्यात तिथे जाणारे.

आत्या: परत?? वहिनी, बघताय ना?

चिनूची आई: बघतेय. वाचतेय पण.

चिनू: आत्या, इथे कॅफे आहे. चॅपलमध्ये लग्नंही लागतात. मधे सगळं पडीक होतं, मालकाला घरं बांधायची होती. लोक भांडले, २००३ मध्ये ब्रिस्टलच्या कौन्सिलने जागा ताब्यात घेतली. आता डागडुजीला हेच पैसे लागतात.

धाकटे काका: हाहाहा. दादा, ताईसाठी हॉल मिळत नाही म्हणत होतास ना? घे!

ताई: काका!!

थोरले काका: हॉलचं आमचं आम्ही बघतोय. साखरपुड्याच्या वेळी फोन केले होते, उचलले नाहीत काही जणांनी.

धाकटे काका: मी टूरवर होतो. तेव्हाच सांगितलं होतं.

थोरले काका: मी कुणाचं नाव घेतलं नाही.

थोरली काकू: हे इथे नको.

आत्या: कोणी उत्तर देत नाहीये. हसतोय की नाही फोटोत?

चिनू: आत्या, ऊन डोळ्यांवर होतं गं.

नाना: छत्रीवरचा लेख दिसत नाही. मोठा करून पाठव.

आत्या: नाना, तुम्हीच डोक्यावर चढवलाय त्याला.

नाना: पाठव रे. केन्सल ग्रीनचेही पाठव.

थोरले काका: उद्या बाराला हॉल बघायला जातोय. यायचं त्यांनी यावं.

धाकटे काका: गाडी मी आणतो.

थोरले काका: बघू.