नऊ ते बारा वयाच्या मुलांना नवं काय वाचायला दिलंत? अनुभव सांगा

लेकीला परवा दहा पूर्ण झाली. वाढदिवसाला पाच पुस्तकं आली, त्यातली तीन भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची, म्हणजे आपल्या फाफेची. तिघांनी वेगवेगळी आणि प्रेमानं दिलेली, कारण तिघंही फाफेवरच वाढलेले. मीसुद्धा. पण आपण मुलांना पुस्तक देतो की आपलं लहानपण, असं वाटून गेलं खरं. त्याआधी दुसऱ्या एका जुन्या गोष्टीत ‘तार आली’ वाचून तिनं विचारलं होतं, “कुठली वायर?”

तर मंडळी, गेल्या दहाएक वर्षांत आलेल्या मराठी गोष्टींपैकी तुमच्या घरी काय चाललं ते लिहा. नुसतं ‘छान आहे’ नको. कोणी वाचलं, कुठे सोडलं, परत मागितलं का, ते सांगा. मोबाइलच्या नावानं बोटं मोडायची असतील तर ती दुसरीकडे मोडूया.

डोंबिवली, घरातच मुलांची लायब्ररी

मुलं पुस्तक कसं निवडतात ते मी रोज बघते. मुखपृष्ठ, मग शेवटच्या पानाचा आकडा, मग अक्षर केवढं आहे ते. मागच्या बाजूचा मजकूर मोठी माणसं वाचतात.

माझ्याकडे सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक म्हणजे संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’. २०२२ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला आहे, पण मुलांना त्याचं काही नसतं. वहीसारखं लिहिलेलं, त्यामुळे थोडं वाचून थांबता येतं. जाड पुस्तकाला बिचकणाऱ्यांना तेच हवं असतं. मुलगे मात्र हात लावेनात, ‘मुलीचं आहे’ म्हणून. एकाला मी म्हटलं, “तू नको घेऊस, त्यात एका मुलीचं खासगी आहे.” चप्पल घालता घालता त्यानं पिशवीत टाकलं. दोन दिवसांनी त्याचा मित्र तेच मागत आला.

परभणी जिल्हा, जिल्हा परिषद शाळा, पाचवीचा वर्ग

ताई, आमच्याकडे पट एकतीस आणि पुस्तकाची प्रत एक. म्हणून शेवटच्या तासाला मी मोठ्यानं वाचतो. सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ घेतलं होतं. लेखक वनखात्यातले, त्यामुळे जंगल ऐकीव वाटत नाही. घंटा व्हायच्या आत, ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचं. दुसऱ्या दिवशी गैरहजरी कमी. हे मी हजेरीपटावर बघून सांगतोय, हवेत नाही.

एकदा वाचताना एका झाडाचं नाव आलं आणि मी ते काय असतं ते सांगायला लागलो. मागच्या बाकावरचा पोरगा उठला, “सर, तसं नसतंय ते,” म्हणाला आणि मधल्या सुट्टीत फांदीच घेऊन आला. वर्षभर न बोललेलं पोरगं.

एक तक्रार करतो. मुलांच्या गोष्टींतली बरीचशी मुलं अजून फ्लॅटमध्येच राहतात. गोष्टीतला पोरगा शेळ्या वळायला निघाला की आमच्या वर्गाचे कान टवकारतात. पुस्तकं परवडत नसतील तर बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक फुकट वाचायला मिळतात. जुने आहेत, पण त्यातल्या गोष्टी गावाकडच्याही असतात.

न्यू जर्सी, अकरा वर्षांच्या मुलीचा बाबा

आमचं दुखणं वेगळं. लेक इंग्रजीत पाचशे पानी कादंबऱ्यांचा फडशा पाडते आणि मराठीत जोडाक्षराला अडखळते. म्हणून तिला मराठी पुस्तक कुठलं दिलं? सहा वर्षांच्या मुलांचं, चित्रांचं. तिनं ते उघडलंसुद्धा नाही. अपमानच होता तो, आता कळतंय.

आम्हाला हवी असते भाषा तिसरीची आणि गोष्ट सातवीची. मराठीत बहुतेक उलटं सापडतं: गोष्ट बाळबोध आणि वाक्यं अशी की मीच श्वास घ्यायला थांबतो.

शेवटी अशोक जैन यांनी मराठीत आणलेला फेलूदा, सत्यजित राय यांचा गुप्तहेर, काढला. नवा नाही, माफ करा. मी वाचायचं, तिनं ऐकायचं. एका रात्री गुन्हेगार सापडायला चार पानं असताना मला ऑफिसचा फोन आला. परत आलो तर ती बोट ठेवून, अक्षर लावत, स्वतःच वाचत होती. दीड पान झालं होतं.

नाशिक, आजोबा

मी पुरस्कारांच्या यादीवरून निवडतो. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला वेगळा पुरस्कार देते. यादीत कविताही असतात, म्हणून आधी चौकशी करावी. नातवाला मी २०१७ चं ‘खारीच्या वाटा’ (ल. म. कडू) आणि २०२४ चं ‘समशेर आणि भूतबंगला’ अशी दोन्ही दिली. दुसऱ्याचे लेखक भारत सासणे, २०२२ च्या उदगीरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एवढा मोठा लेखक मुलांसाठी लिहितो याचं मला अप्रूप. नातवाला अप्रूप फक्त भूतबंगल्याचं. पहिलं पुस्तक तसंच पडून होतं, ते मीच वाचलं आणि मला फार आवडलं. त्याला बारा-तेराव्या वर्षी पुन्हा देऊन बघेन.

कोल्हापूर

माझा वाचत नाही. वरचं सगळं करून झालंय. ग्रंथपेटी आणली, रात्री वाचून दाखवलं, तो दोन्ही वेळा झोपला. दहा वर्षांचा आहे. क्रिकेटवर धमाल कादंबरी कुणाला माहीत असेल तर सांगा. खेळाडूंची चरित्रं नकोत, ती घरात सात आहेत.

धागा काढणारीच पुन्हा

कोल्हापूरकर, क्रिकेटचं मीही शोधतेय, सापडलं की इथेच लिहिते. परभणीच्या सरांचं ऐकून मी रोज रात्री ऐन रंगात पुस्तक मिटायला लागले. चौथ्या रात्री लेकीनं उशीखाली टॉर्च ठेवलेला सापडला. आणि तीनपैकी एक फाफे तिनं वाचला बरं का, आवडलाही. उरलेले दोन तिनं परत गुंडाळून ठेवलेत, येणाऱ्या वाढदिवसांना द्यायला.