‘प्लीज रिलीव्ह हर’ लिहिलं आणि मैत्रिणीला राजीनाम्याबद्दल फोन गेला

कळवा_ते_ऐरोली
माझ्या टीममधली मैत्रीण आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला नेते. महिनाअखेरीचा रिपोर्टही तिच्याच गळ्यात. परवा ठाणे स्टेशनला दहा नंबरवर ती सगळं बोलली. पनवेलच्या दोन गाड्या सोडल्या आम्ही. रात्री मी बंगळुरूच्या मॅनेजरला मेल टाकली: आईचं आजारपण, मग ‘शी ऑफलोडेड ऑन मी’, शेवटी ‘प्लीज रिलीव्ह हर’. सकाळी एचआरचा तिला फोन, शेवटचा दिवस कोणता धरायचा? बिचारी थरथरत होती. मन मोकळं करणं आणि कुणाचं काम आपल्या अंगावर घेणं, याला बरोबर शब्द कोणते?

नौपाड्याचे_मास्तर
ताई, ‘रिलीव्ह’च्या मुळाशी लॅटिन ‘लेविस’, म्हणजे हलका. शब्द चांगलाच आहे, पण कशातून मोकळं करायचं ते सांगावं लागतं: ‘रिलीव्ह हर ऑफ द रिपोर्ट’. ते गाळलंत की आपल्याकडच्या ऑफिसात नोकरी सोडताना मिळणारं रिलीव्हिंग लेटरच आठवणार. आणि ‘रिलीव्ह्ड ऑफ हर ड्यूटीज’ असं तर मुळीच लिहू नका, तो पदावरून काढल्याचा सभ्य उच्चार आहे.

‘ऑफलोड’ बोलण्यात मन मोकळं करण्यालाही चालतं, पण कामाच्या मेलमध्ये त्याचा अर्थ नको असलेलं दुसऱ्यावर ढकलणं असा लागतो. तिने तसं काही केलं नाही. ‘व्हेंट’मध्ये राग, धुसफूस येते. मनावरचं ओझं उतरवलं, यासाठी ‘शी अनबर्डन्ड हरसेल्फ टु मी’. ‘हरसेल्फ’ विसरायचं नाही. विश्वासाने आतलं सांगितलं, तर ‘शी कन्फाइडेड इन मी’. यात लॅटिन ‘फिदेरे’ आहे, विश्वास ठेवणं. म्हणूनच जे कन्फाइड केलं, ते तिला न विचारता मॅनेजरच्या मेलमध्ये जायला नको होतं. रागावू नका, पण मला व्याकरणापेक्षा हे जास्त खुपलं.

वाशीची_सिस्टर
आमच्या वॉर्डात रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर. ती आली नाही की डबल ड्यूटी! एखाद-दोन दिवसांसाठी आम्ही ‘आय विल कव्हर फॉर हर’ म्हणतो. कामच स्वतःकडे घेणार असशील तर ‘टेक ओव्हर’ लिही, त्यात कुणाचा गैरसमज होत नाही. आणि डायलिसिसच्या दिवशी चार-चार तास तिथेच जातात गं. तिला विचार, कोणते वार नकोत.

कळवा_ते_ऐरोली
मास्तर, ‘फिदेरे’ वाचून घशात आवंढा आला. मी तिला खरंच विचारलं नव्हतं. आज त्याच दहा नंबरवर माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, पुढच्या वेळी आधी सांग.

सिस्टर, वार विचारले: मंगळ, गुरू, शनि. नवी मेल एका ओळीची केली, आईचा उल्लेख नाही: ‘आय वुड लाइक टु टेक ओव्हर द मंथ-एंड रिपोर्ट फ्रॉम हर टिल दिवाळी.’ ऐरोली येईपर्यंत तिने ती तीनदा वाचली आणि सेंड तिनेच दाबलं.