शेतासाठी बंदूक घ्यायची तर साधी 12 बोर घ्या, अन् काडतूस घरी भरायच्या नादी लागू नका

सातपुडा_पायथा (चोपडा)

आमच्याकडे सध्या प्रत्येक पारावर हाच विषय आहे म्हणून मांडतो. चोपडा, यावल, रावेर, सगळ्या पायथ्याच्या पट्ट्यात डुकरं मक्यात अन् केळीत घुसतात, एका रात्रीत बाग उकरून आडवी करतात, त्यात बिबट्याच्या धाकानं रात्रीच्या पाण्याला मजूर यायला तयार नाही. मग माणूस म्हणतो बंदूक घेऊ. घ्या. पण आजकाल पोरांच्या डोक्यात बंदूक म्हणजे कमरेला लावायची .32 ची रिव्हॉल्व्हर, अन् ती शेतात काही कामाची नाही हे मी ठाम सांगतो. अंधारात पळत्या डुकराला रिव्हॉल्व्हरनं मारणं भल्याभल्या नेमबाजाला जमत नाही, अन् जखमी डुक्कर उलटून अंगावर आलं तर मांडी फाडतं.

12 बोर घ्या, म्हणजे छऱ्याची बंदूक, सिंगल किंवा डबल नळी. छऱ्याचा जोर 35-40 मीटरच्या पुढं झपाट्यानं कमी होतो, म्हणून शेजारच्या शेतातला माणूस त्यातल्या त्यात सुरक्षित राहतो. कायद्यातही शेतकऱ्याला हाच रस्ता सोपा आहे, शस्त्र कायदा 1959 च्या कलम 13 मध्ये संरक्षणासाठी किमान 20 इंच नळीची गुळगुळीत बोरची बंदूक, नाहीतर पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, असं स्पष्ट लिहिलंय. आजोबांची जुनी बंदूक घरात असेल तर ती वारसानं नावावर करून घ्या, नवीन घ्यायची गरजच नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हा धागा काढला. काडतूस महाग पडतं अन् लवकर मिळत नाही म्हणून काही जण रिकाम्या खोळी जपून ठेवतात अन् कुणाकडून तरी परत भरून घेतात. नवीन टोपी (दारू पेटवणारी), अंदाजानं दारू, वर छर्रे, झालं काडतूस. हे करू नका. तुमचा गाल त्या नळीपासून वीतभर अंतरावर असतो.

टेक्सासचा_अमळनेरकर

दादा, बंदुकीच्या निवडीबद्दल शंभर टक्के पटलं. पण काडतूस भरणं म्हणजे मरणच असं जे लिहिलंय त्याला माझा विरोध आहे. मी मूळचा अमळनेरचा, बरीच वर्षं इकडे आहे, अन् इथं हँडलोडिंग हा लाखो लोकांचा छंद आहे, आमच्या गल्लीतले रिटायर्ड मास्तर सुद्धा गॅरेजमध्ये बसून करतात. 2020-21 मध्ये इथं दुकानात गोळ्याच मिळत नव्हत्या तेव्हा ज्यांच्याकडे काडतूस भरायचं प्रेस (दाबयंत्र) अन् सामान होतं तेच रेंजवर जात होते. पैसा वाचतो हे एक, पण खरं कारण वेगळंय, प्रत्येक रायफलच्या नळीचा स्वभाव वेगळा असतो अन् तिला मानवेल तशी गोळी आणि दारू जुळवली की निशाणा इतका घट्ट बसतो की फॅक्टरीच्या गोळीनं तसा बसत नाही. शिवाय जुन्या, बंद पडलेल्या कॅलिबरच्या बंदुका वापरायच्या तर दुसरा मार्गच नसतो.

अंदाजानं कुणी भरत नाही. दारू ग्रेनमध्ये मोजतात, एका पाउंडाचे 7000 ग्रेन, आता विचार करा किती बारीक माप झालं. छापील लोड मॅन्युअल असतं, त्यातल्या कमाल आकड्याच्या बरंच खालून सुरुवात करायची अन् थोडं थोडं वर जायचं, टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा. हे पाळलं तर धोका नाही. निष्काळजीपणाचा दोष पद्धतीवर टाकू नका.

काळा_कोट_धुळे

अमळनेरकर, तुमच्याकडे स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही पण विकायला भरलं तर तिथंही फेडरल लायसन्स लागतं, हे तुम्हीच सांगायला पाहिजे होतं कारण आपल्याकडे जे चालतं ते सगळं "कुणीतरी भरून देतो" याच प्रकारचं आहे.

इथल्या वाचकांसाठी कायदा. शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय हत्यार किंवा दारूगोळा बनवणं, विकणं, दुरुस्त करणं सगळंच बंद आहे. बनवण्याला कलम 25(1) खाली 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बंदुकीचा परवाना खिशात असला म्हणून काडतूस भरायचा हक्क मिळत नाही, तो परवाना वेगळा. दारूसाठी परत स्फोटक कायदा 1884 आहेच. अन् तुमच्या परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची, वर्षात किती घ्यायची हे लिहिलेलं असतं, दुकानदार प्रत्येक खरेदी नोंदवतो. घेतली दहा अन् घरात रिकाम्या-भरलेल्या मिळून चाळीस सापडल्या तर कोर्टात काय सांगणार? पक्षकाराला वाचवायला आमच्याकडे शब्द राहत नाहीत अशा केसमध्ये.

केळीबाग_रावेर

वकीलसाहेब कायदा मान्य पण शेतकऱ्याचं पण ऐका. अर्ज केला की पोलीस रिपोर्ट 30 दिवसात अन् त्यानंतर 60 दिवसात निर्णय असं नियमात आहे म्हणतात, आमच्याकडे फाईल कुठं अडकली हे विचारायलाच कितीतरी चकरा होतात, मिळाली तर निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करा, अन् निवडणुका म्हणजे कधी ग्रामपंचायत कधी जिल्हा परिषद कधी विधानसभा, डुकराला आचारसंहिता नसते ना भो.

अन् सातपुडा भाऊ, 12 बोरशी मी सहमत नाही. डुक्कर 35 मीटरवर येऊन उभं राहत नाही, वास लागला की बांधावरूनच पळतं. माझ्या बागेला लांबून मारायचं तर .315 रायफलच पाहिजे, सरकारी कारखान्याची मिळते, मजबूत असते. 12 बोर म्हणजे फक्त आवाज काढायला.

सातपुडा_पायथा

.315 बद्दल मी वाद घालणारच. रायफलची गोळी डुकराला लागली नाही, किंवा लागून आरपार गेली, तर ती थांबणार कुठं? केळीच्या खोडात पाणीच पाणी, ते गोळी अडवत नाही. तापीकाठची सपाट काळी जमीन, मागं टेकडी नाही, दरड नाही, गोळी काही किलोमीटर जाते. हंगामात मध्य प्रदेशातून आलेली मजूर कुटुंबं शेतातच पालं ठोकून राहतात, लहान लेकरं असतात. रात्री बॅटरीच्या उजेडात तुला डुक्कर दिसतं, त्याच्यामागं दोन शेत सोडून झोपलेलं माणूस दिसत नाही. आवाजानं डुक्कर पळालं तर मला तेवढंच पाहिजे, मारायचंच असं कुठंय.

वरणगाव_निवृत्त

मी दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केली, आतलं काही लिहिणार नाही, फक्त जे कुठंही छापलेलं आहे तेवढंच. फॅक्टरीच्या काडतुसाचा भरोसा कशावर असतो? प्रत्येक लॉटमधून नमुने काढून खास टेस्ट बॅरलमध्ये फोडतात, आतला दाब मोजतात, वेग मोजतात, लॉट नापास झाला तर बाहेर जात नाही. घरी भरणाऱ्याकडे दाब मोजायचं साधन काय? काही नाही. अमेरिकेतला माणूस निदान मॅन्युअलवर विसंबतो, त्या मॅन्युअलमागं कुणीतरी लॅबमध्ये दाब मोजलेला असतो. आपल्याकडचा भरणारा फटाक्याची दारू वापरतो की काय वापरतो ते त्यालाच माहीत.

दोन प्रकारे घात होतो. दारू जास्त पडली, किंवा एकाच खोळीत दोनदा पडली, तर नळी नाहीतर लॉक फुटतं. अन् कमी पडली तर "फुस्स" आवाज येतो, माल नळीतच अडकतो, माणूस म्हणतो फुसका निघाला अन् दुसरं काडतूस घालून घोडा दाबतो. तेव्हा नळी फाटते. आवाज कमी आला की बंदूक उघडा, रिकामी करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा, तोपर्यंत पुढची गोळी नाही. फॅक्टरीच्या काडतुसालाही हेच, ओल लागली असेल तर.

आता सातपुडा_पायथा यांना माझा विरोध. आजोबांची बंदूक नावावर करा असं तुम्ही सहज लिहिलं. नावावर करणं ठीक, वापरणं वेगळं. जुन्या बंदुकांच्या नळीवर लाटांसारखी नक्षी दिसते ती दमास्कस नळी, लोखंडाच्या पट्ट्या पिळून बनवलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं बिनधुराच्या दारूचं काडतूस घालू नये, नक्षी दिसत नसली तरी नळीवर नायट्रो प्रूफचा (बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा) छाप आहे का बघा. दुसरं म्हणजे चेंबरची लांबी. जुन्या कितीतरी बंदुका अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी आहेत. आज 70 चं काडतूस सर्रास मिळतं, ते आत बसतं सुद्धा, म्हणूनच फसतो माणूस, कारण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही अन् दाब भलताच चढतो. गनस्मिथला (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) दाखवल्याशिवाय जुनी बंदूक खांद्याला लावू नका.

काळा_कोट_धुळे

वारसाबद्दल जोड देतो. शस्त्र नियम 2016 चा नियम 25, परवानाधारक वारल्यावर, किंवा तो 70 वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाला परवाना मिळू शकतो. म्हणजे म्हातारा जिवंत असतानाच करून घ्या. वारल्यानंतर बंदूक तशीच माळ्यावर राहिली तर ती विनापरवाना हत्यार, ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायला पाहिजे. हे खेड्यात नव्वद टक्के घरांना सांगितलेलंच नसतं असा माझा अनुभव आहे.

झटकामशीन_शहादा

तुम्ही सगळे कोणती बंदूक यावर भांडताय, मी म्हणतो बंदूकच कशाला? रानडुक्कर अन् रोही (नीलगाय) दोन्ही वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, 2022 च्या दुरुस्तीनंतर परिशिष्ट 2 मध्ये. पिकाचं नुकसान होतं म्हणून मारायचं असेल तरी कलम 11 खाली वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हे एकानंही अजून लिहिलं नाही.

मी सोलर झटका मशीन लावली, तार नीट ओढली, गवत तारेला लागू देत नाही, डुकरं फिरकत नाहीत. फक्त एक हात जोडून सांगणं, झटका म्हणजे मशीनचाच, क्षणभराचा. मोटारीच्या लाईनचा करंट तारेत सोडणं म्हणजे खून आहे, शेजाऱ्याचं पोर चिकटतं, गाय चिकटते. तसंच ती कार्बाइडची पाइपगन. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यापायी कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, अन् आपल्याकडे तीच माकडं हाकलायला म्हणून लोक घरी बनवतात.

खान्देशी_पोऱ्या

भो मी तं म्हनस बंदूक ना, गावठी तं बिलकूल ना. मध्य प्रदेशना उमर्टी गावकडून कट्टा आना अन् पोरगं जेलमा गयं असं आपला जिल्हामा पेपरमा दर महिनाले वाचतस आपन. आनि त्या कट्टानी नळी कसानी ऱ्हास ते बनावनाराले बी माहीत नही.

टेक्सासचा_अमळनेरकर

वरणगावकर काकांनी जे लिहिलं ते आमच्या मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर असतं तसंच आहे, मी त्याच्याविरुद्ध नाहीच. भारतात परवान्याशिवाय करू नका, हे मी पण सांगतो. पण पद्धतीचं ज्ञान वाईट नाही या मतावर मी ठाम आहे. ज्याला टोपी, दारू, वॅड (दारू अन् छर्ऱ्यांमधला बोळा), छर्रे हे एकमेकांशी कसं वागतात ते कळतं तो दुकानातलं काडतूस सुद्धा डोळसपणे घेतो, खोळ फुगलेली आहे का, टोपी वर आलीय का, तोंड ओलं होऊन सुटलंय का हे बघतो. अन् पैशाचं म्हणाल तर 12 बोरमध्ये भरून फारसं वाचत नाही, इकडे सुद्धा नाही, घाऊक सामान घेऊन भरपूर मारणाऱ्यालाच परवडतं. वर्षाला दहा काडतुसं लागणाऱ्या शेतकऱ्याला तर अजिबात नाही.

केळीबाग_रावेर

वाचलं सगळं. झटका मशीन माझ्याकडं आहेच, नाल्याच्या बाजूनं तार दर पावसात वाहून जाते, तिथूनच घुसतात, म्हणून बंदूक लागते. डीलरकडे गेलं की काय बघायचं तेवढं सांगा. बोर मी माझा ठरवीन.

सातपुडा_पायथा

घाई करू नको. परवान्यात लिहिलेलाच बोर अन् प्रकार घ्यायचा, नळीवरचा नंबर, बॉडीवरचा नंबर अन् बिलावरचा नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. प्रूफचा छाप अन् चेंबरची लांबी काकांनी सांगितली तशी बघ. रिकामी असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धर, आत खड्डे किंवा फुगवटा दिसला तर सोडून दे. बंद केल्यावर नळी अन् बॉडीत खडखड नको. डबल नळीत दोन्ही घोडे वेगवेगळे तपास, सेफ्टी लावून घोडा दाबला तर हलता कामा नये. जुनी सेकंडहँड घेत असशील तर गनस्मिथ बरोबर ने. नळीला फुल चोक (म्हणजे तोंडाशी नळी बरीच अरुंद) असेल तर मोठी एकच गोळी असलेलं काडतूस तिच्यातून चालतं का हे विचारून घे. सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट अर्जाला लागतंच, तिथं नुसती सही करून परत येऊ नको, खरंच शिक. घरी बंदूक अन् काडतूस वेगवेगळ्या कुलपात.

केळीबाग_रावेर

ठीक. पण अर्ज मी .315 चाच करणार, नाल्याच्या पलीकडं कोणी राहत नाही.

सातपुडा_पायथा

मग नाल्याच्या काठावर मचाण बांध भो, वनखात्याची परवानगी हातात असेल तेव्हाच, अन् फक्त वरून खाली मार, गोळी मातीतच गेली पाहिजे. आडव्या रेषेत एकही नाही. अन् कापणीला पालं पडली की त्या महिन्यात रायफल कपाटात.