आठवड्याचे 48 तास भरले, म्हणून ओव्हरटाइम नाही?

(ही चर्चा सप्टेंबर 2025 मधली असून तेव्हा लागू असलेल्या कायद्यांवर आधारलेली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियम, 1948 ची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली; खाली सांगितलेली दाव्याची बारा महिन्यांची मुदतही त्यांत तीन वर्षे झाली.)

मरोळचा यंत्रचालक (सप्टेंबर 2025):
मी मरोळच्या एमआयडीसीतील एका छपाई कारखान्यात काम करतो. आम्ही साठ-सत्तर कामगार आहोत. ऑर्डर आली की चार दिवस जेवणाची सुट्टी वगळून बारा-बारा तास काम करून घेतात आणि उरलेले दिवस घरी बसवतात. आठवड्याची बेरीज 48 तासच होते, त्यामुळे ओव्हरटाइम लागत नाही, असे व्यवस्थापन म्हणते. राज्य मंत्रिमंडळाने 3 सप्टेंबरला दिवसाला बारा तास कामाच्या प्रस्तावाला मान्यता दिल्याचा दाखलाही देतात. हे कायद्याला धरून आहे का?

निवृत्त टाइमकीपर, लोअर परळ:
अजिबात नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 नुसार दिवसाला 9 तासांच्या वर किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर जे काम होईल, त्याची मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. त्यामुळे आठवड्याची बेरीज कितीही नेटकी जुळवली, तरी तुमचे रोजचे तीन, म्हणजे आठवड्याचे बारा तास ओव्हरटाइमचेच आहेत. शिवाय सुट्टी धरून हजेरीचा एकूण काळ साधारणतः साडेदहा तासांपलीकडे जाता कामा नये. मंत्रिमंडळाने प्रस्ताव मान्य केला म्हणजे कायदा बदलला असे होत नाही, आणि त्या प्रस्तावातही कामगाराची लेखी संमती आवश्यक मानली आहे.

लेखाविभागातील एक:
दरही तपासा. अनेक ठिकाणी केवळ मूळ पगारावर दुप्पट काढतात. कायद्यात मात्र बोनस आणि ओव्हरटाइमची रक्कम वगळून मूळ पगारासोबत भत्तेही धरायचे आहेत.

नालासोपाऱ्याची कामगार:
आमच्याकडे उद्याची पाळी आज संध्याकाळी कळते, आणि याला लवचिक वेळ म्हणतात. ज्या बाईला पाळणाघरातून मूल आणून विरार लोकल गाठायची असते, तिच्यासाठी हा अन्याय आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 61 प्रमाणे कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावावी लागते आणि ती बदलण्यापूर्वी सरकारी कारखाना निरीक्षकांना कळवावे लागते. मुंबईच्या गिरण्यांत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. घड्याळावरचा हा हक्क आपण सहज सोडून देऊ नये.

मरोळचा यंत्रचालक:
आभारी आहे. पण आमच्या हजेरीपटावर नऊच तास लिहिले जातात. मग पुरावा कोणता द्यायचा?

निवृत्त टाइमकीपर, लोअर परळ:
गेटवरच्या पंचिंगच्या नोंदींची लेखी मागणी करा, रोजच्या येण्या-जाण्याच्या वेळा वहीत लिहा आणि दोन सहकाऱ्यांच्या सह्या घ्या. त्यानंतर कारखान्यांची तपासणी करणाऱ्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे एकत्रित तक्रार द्या. थकलेल्या मजुरीचा दावा बारा महिन्यांच्या आत करायचा असतो, त्यामुळे जुन्या महिन्यांपासून सुरुवात करा.